थोरलीने परत यावं का?

आमच्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे ताई म्हणायचे. मी तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठी, साठी उलटलेला मालक तर तिच्या बापाच्या वयाचा, पण तोही दारातून आत शिरला की पहिली हाक 'ताई' अशीच मारायचा. ताई, चहा सांगा. ताई, त्या डॉक्टरांना फोन लावा. ताई, माझा चष्मा कुठे ठेवला मी? एखादीला जगाने ताई ठरवलं की तिचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही, असं माझं मत आहे, आणि मी ते मालकाच्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. मला फटकळ म्हणतात ते उगाच नाही.

आम्ही कवळ्या बनवतो. दंतवैद्यांकडून पेशंटच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून जबडा तयार करायचा, त्यावर मेणाच्या गुलाबी हिरड्या चढवायच्या आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा. दात बसवायचं काम ताईचं. शेवटी पक्की झालेली कवळी माझ्याकडे येते आणि मी ती मशीनवर घासून चकचकीत करते. बाकीचे लोक दात कवायतीला उभे केल्यासारखे एका रांगेत लावतात. ताई एखादा दात मुद्दाम जरासा तिरका बसवायची. खऱ्या माणसाचे दात कधी सरळ असतात का मावशी, असं म्हणायची.

प्लास्टर घट्ट होईपर्यंत हात रिकामे असतात. तेवढ्या वेळात आम्ही बाकीच्या बायका कुणाच्या तरी सुनेचा उद्धार करायचो. ताई मात्र बाकावर बसून फोनवर लिहीत असायची. मला वाटलं, आहे कुणीतरी. बरं वाटलं मला. वय पस्तिशीच्या पुढे गेलेलं, म्हटलं उशिरा का होईना. एक दिवस सरळ विचारलंच, तर लाजली आणि म्हणाली, गोष्ट लिहितेय. तीही स्वतःची नाही. पुस्तकातली माणसं दुसऱ्या कुणाची, ही त्यांची गोष्ट पुढे नेत होती.

मला काही कळेना. हे म्हणजे आयत्या बिळावर नागोबा झालं की, म्हटलं. त्यावर ती पोट धरून हसली. मग समजावून सांगितलं. तिच्या भावाने पाच जाडजूड भागांची एक मालिका आणली होती, राक्षसांची, जादूची, पंखवाल्या घोड्यांची. भावाच्या आधी तिनेच ती वाचून संपवली. अशा पुस्तकांचे वाचक एका वेबसाइटवर जमतात आणि लेखकाने जे पात्र अर्धवट सोडलं असेल त्याचं पुढे काय झालं ते आपापल्या परीने लिहितात. बाकीचे वाचतात आणि खाली मतं देतात. खरी नावं कुणी लावत नाही.

ताईने जे पात्र उचललं होतं ते थोरल्या बहिणीचं. डोंगरावर एक घर आहे, भोवती सावल्यांची जनावरं फिरतात. थोरलीने तळहातावर निखारा धरला की घर त्या जनावरांना दिसत नाही. मग ती धरून बसते. धाकटे भाऊ घोड्यांवर बसून जग जिंकून येतात, जखमा दाखवतात, जेवतात, झोपतात. पाचही भागांत ही बाई चुलीपाशी बसलेली. तिचा हात भाजतो का, हे लेखकाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. ताईच्या गोष्टीत थोरली एके दिवशी तो निखारा भावाच्या तळहातावर ठेवते आणि घोड्यांना शिकवण्याची विद्या शिकायला डोंगर उतरून जाते. भाऊ आता दाढीमिशीवाले, तलवारी बाळगणारे. निखारा त्यांना पेलणार नाही असं काही नव्हतं.

झालं. वाचक खवळले. खाली जी मतं पडली ती ताई मला वाचून दाखवायची, आणि मशीनच्या आवाजातही माझ्या कानांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं. एकाने लिहिलं, मोठी बहीण आईच्या जागी असते, आई कधी निघून जाते का? दुसरीने लिहिलं, लेखिकेला कुटुंब म्हणजे काय ते माहीतच नाही. कुणी म्हणे, इतकं सुंदर पात्र नासवलं. कुणी म्हणे, तिने जावं खुशाल, पण आधी भावांची लग्नं लावून द्यावीत. राक्षस, उडते घोडे, बोलणारे डोंगर, हे सगळं या लोकांना पटलं होतं. बाई चुलीपासून उठली तेवढं पटलं नाही.

सगळ्यांत वरचा सूर लावला होता तो 'काळा गरुड' नावाच्या एकाने. प्रत्येक प्रकरणाखाली त्याचं हातभर लांब मत असायचंच. थोरलीचा त्याग हाच मालिकेचा आत्मा आहे, तो काढला तर उरलं काय, वगैरे. माझं डोकं फिरलं. मी ताईकडून माझ्या फोनवर ती वेबसाइट सुरू करून घेतली, 'मावशी' हेच नाव लावलं आणि त्याला विचारलं, स्वतःचं ताट स्वतः घासतोस का रे? त्याचं उत्तर आलं: 'मावशी, आधी मूळ पुस्तकं वाचा, मग बोला.'

मी ताईला म्हटलं, कोण आहे हा शहाणा? ती मेणात दात दाबत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचा बाळ आहे तो."

बाळ म्हणजे तिचा भाऊ. सत्तावीस वर्षांचं बाळ. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता आणि ही नुकती कॉलेजात गेलेली. कॉलेज सुटलं, बाळ राहिला. आता तो घरीच बसून कॉम्प्युटरवर कसलंसं काम करतो, कमावतो, दाढी राखतो, आणि पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागतो. ताई लिहिते हे त्याला ठाऊक नव्हतं. काळा गरुड कोण हे ताईला ठाऊक होतं, कारण आपली मतं तो जेवताना तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐक ताई, कशी जिरवली त्या बाईची. आणि ही त्याला वाढता वाढता म्हणायची, छान लिहिलंस.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं त्याला सांग ना तोंडावर, म्हटलं. ती म्हणाली, त्याला ती पुस्तकं फार आवडतात, जाऊ द्या. या 'जाऊ द्या'वर तिची निम्मी जिंदगी गेली होती.

त्याच सुमारास तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या दंत रुग्णालयाने बोलावणं धाडलं. तिथे चिनीमातीचे दात बनवतात, थरावर थर चढवून, रंग भरून. तिची कामं कुणीतरी तिथे दाखवली होती. शिकवणार, नोकरी देणार, राहायला खोली देणार. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा होता. हे तिने फक्त मला सांगितलं, तेही ठसे धुताना, नळाच्या आवाजात. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, बघू, कौल काय पडतो ते.

कौल म्हणजे त्या वेबसाइटची रीत. शेवटचं प्रकरण लिहिण्याआधी लिहिणारा थांबतो आणि वाचकांना प्रश्न घालतो. लोक उत्तरं देतात, मानायचं की नाही ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. ताईने प्रश्न घातला होता: थोरलीने परत यावं का? दोनतीन दिवस माझ्या डोक्यात काही शिरलंच नाही. मग एकदा कवळी घासताना एकदम लख्ख प्रकाश पडला. ही बाई थोरलीचा कौल लावत नव्हती. स्वतःचा लावत होती. घर सोडावं की नाही हे ती अशा लोकांना विचारत बसली होती, ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही, ज्यांना ती कोण हे माहीत नाही, आणि ज्यांच्या घरी बहुतेक कुणीतरी निखारा धरून बसलेलंच होतं.

मी मशीन बंद केलं. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, तुझ्या आयुष्याचा निवाडा या रिकामटेकड्यांनी करायचा? उद्या ते म्हणाले विहिरीत उडी मार, तर मारशील? मालक केबिनमधून डोकावला. त्यालाही ऐकवलं, तुमचा चष्मा तुम्हीच शोधा. ताईचे डोळे भरले होते आणि हात चालूच होते. मला तिचाही राग आला. खरं सांगायचं तर तिचाच जास्त आला.

कौल तर पडतच होते, आणि सगळे एकाच बाजूला. परत यावं. यायलाच हवं. रक्ताचं नातं आहे. एकीने तेवढं लिहिलं, 'माझाही हात भाजतो. तिला जाऊ द्या.' त्या बाईला खाली दहा जणांनी धू धू धुतलं.

शेवटी काळ्या गरुडाचा कौल आला. या वेळी लांबलचक नव्हता. ताईने वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. त्याने लिहिलं होतं, 'येईलच ती परत. तिला दुसरं येतं काय?'

ताईने फोन खिशात टाकला. हातातली कवळी पुरी केली, पुढचा दात नेहमीसारखा किंचित तिरका लावला, हात धुतले आणि मालकाच्या केबिनमध्ये जाऊन तिथल्या फोनवरून रुग्णालयाला कळवलं की मी येते आहे. ताईचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

भावाला तिने जेवताना सांगितलं. तो कानांत हेडफोन घालून मान हलवत राहिला. परत सांगितलं, तर नंतर बोलू म्हणाला. निघायच्या सकाळी मी तिची एक बॅग घेऊन जिन्यात उभी होते, दार उघडं होतं. तो सोफ्यावर आडवा, छातीवर फोन, दोन्ही अंगठे चाललेले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाळ, मी निघाले. किल्ली टेबलावर ठेवलीये. आता मी इथे राहायला यायची नाही. जपून राहा."

"हं," तो म्हणाला. "येताना चार्जर घेऊन ये. माझा गेलाय."

ती तिथे थोडा वेळ तशीच थांबली. त्याने वर पाहिलं असतं तर ती राहिली असती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. त्याने पाहिलं नाही. मी आत जाऊन त्याच्या मुस्काटात मारणार होते, पण ताई बाहेर आली आणि तिने माझ्या हातातली बॅग घेतली.

शेवटचं प्रकरण तिने बसची वाट बघत पुरं केलं आणि तिथूनच टाकलं. मी ते दुपारी वर्कशॉपमध्ये वाचलं. थोरली परत येत नाही. मागचं सांगताना तिच्या निघण्याचा प्रसंग येतो. ती उंबऱ्यात उभी राहून भावाला सांगते की मी निघाले, आता इथे राहायला यायची नाही. तिने ठेवलेला निखारा एका तळहातावर, दुसऱ्या हाताने भाऊ तलवारीला धार लावत असतो. मान वर न करता तो म्हणतो, येताना तेल घेऊन ये.

खाली मतांचा पाऊस पडला होता. पहिलंच मत काळ्या गरुडाचं. 'बाकी काहीही चालवून घेतलं असतं, पण हा शेवट साफ खोटा आहे. बहीण समोर उभी राहून सांगते आणि भावाला ऐकूच येत नाही? असा भाऊ जगात कुठे असतो?'

वर्कशॉप बंद करायच्या वेळी केबिनमधला फोन वाजला. मीच उचलला. तो होता. ताई अजून घरी आली नाही, तिचा फोनही लागत नाही, म्हणाला, चार्जर मिळाला का तेवढं विचारायचं होतं. सकाळपासून त्याच्यासाठी ज्या शिव्या मी जमवून ठेवल्या होत्या त्यांतली एकही मला आठवेना.

"ती गेली," मी म्हटलं. "तुला सांगून गेली. मी जिन्यात उभी होते."

त्याने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"वाचलंयस की तू," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.