बाहेर आवाज गेला नाही

आमच्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते. मी पाचव्या महिन्यात माहेराहून निघाले, आणि निघाले तीही थेट हॉलंडला. कापसाची वेचणी जोरात होती. बोरी अरबच्या आमच्या घरातली पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरली होती, म्हणून माझ्या बॅगा स्वयंपाकघरात भरल्या. आईने डिंक, हळीव आणि बाळंतशेपांच्या पुड्या बांधून दिल्या, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून दिली. माझा नवरा मंगेश आइंडहोवनमधल्या नोकरीवर दोन महिने आधीच रुजू झाला होता. नागपूरच्या विमानतळापर्यंत बाबा सोडायला येणार होते, आई येणार नव्हती. गाडीत जागा नाही असं ती म्हणाली. जागा होती.

दारात गाडी उभी असताना मोठ्या आईने, म्हणजे बाबांच्या थोरल्या वहिनीने, माझी ओटी भरली. भरता भरता म्हणाली, "मायसारखी निघजो. तुह्या मायचा बाहेर आवाज गेला नव्हता." आई तेवढ्यात पाण्याची मोटार बंद केली की नाही ते पाहायला मागे गेली. रडू लपवायला गेली असेल असं मला वाटलं.

ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. लग्नात, बारशाला, चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचंच. घरात बाळंतपण, सुईण आत, ओसरीवर सासरे, दीर, गावातली दोन माणसं, आणि आतून चकार शब्द नाही. माझ्या जन्माची गोष्ट म्हणून मी ती मनोमन मिरवायची. मला साधं इंजेक्शन घेताना घाम फुटतो, पण आपण त्या बाईच्या पोटच्या आहोत एवढ्यावर मी निभावून नेत असे.

आइंडहोवनला पहिले काही आठवडे मला सगळंच विचित्र वाटलं. मी डॉक्टर शोधत होते आणि तिथे सगळं मिडवाइफ पाहते. आपल्याकडे ज्या सुईणीपासून सुटका म्हणून बायका दवाखान्यात जातात, तिचीच शिकलेली, गाडी चालवणारी बहीण मला तिथे तपासायला लागली. तिचं नाव आन्के. तिने मला एक कागद दिला आणि सांगितलं, बाळंतपण कसं व्हायला हवं ते तू लिही. मला हसू आलं. बाळंतपण कसं हवं असं आमच्या घरात कुणी बाईला विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

गरोदर बायकांच्या वर्गात आम्ही तिघी जवळ आलो. मारिके तिथलीच, तिला स्वतःच्या घरात, गरम पाण्याच्या टबात बाळंत व्हायचं होतं, सुई नको, गोळी नको. सेल्वी मदुरैची, तिने कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच पाठीतलं इंजेक्शन हवं. दोघींचं त्यावरून खूप वाजायचं. मारिके म्हणायची, शरीराला सगळं ठाऊक असतं. सेल्वी विचारायची, मग दाढ काढताना शरीराला विचारतेस का? मी मधे बसून दोघींना चहा द्यायची. माझ्या कागदावर मी जाड अक्षरात लिहिलं होतं, वेदना कमी करण्यासाठी काहीही नको.

कशासाठी, असं आन्केने विचारलं. आमची परंपरा आहे, असं मी सांगितलं. तिने आदराने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर परंपरा वगैरे काही नव्हतं. इतक्या लांब आल्यावर घरचं काहीतरी आपल्या अंगावर असावं, एवढंच होतं. तिथे ना ज्वारीची भाकर मिळत होती, ना कुणी माझ्याशी माझ्या बोलीत बोलत होतं. आईचं ते मुकाट सोसणं तेवढं मला विमानात नेता आलं होतं.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तो कागद आईला मराठीत वाचून दाखवला. ती सुखावेल असं मला वाटलं होतं. तिने फक्त तब्येतीचं विचारलं आणि फोन ठेवला. चार दिवसांनी तिचाच फोन आला, भरदुपारी. बाबा शेतात गेले होते आणि ती मागच्या अंगणात बाजेवर एकटी बसली होती.

"थे गोष्ट तुह्या जन्माची नाही व बाई," ती म्हणाली. "तुह्या आधी एक पोरगी झालती."

ती बोलत राहिली, इतक्या सपाट आवाजात की बाजारहाटाचं सांगत असावी. दिवसभर कळा येत होत्या. मग दुखणं बदललं. "मले समजून राह्यलं होतं का काहीतरी बिघडलं. पन बाहेर सारे बसले होते, आवाज कसा काढू? सुईन इचारे, सहन होते ना? मी मान हालवो. पदर तोंडात कोंबला होता. थे पोरगी रडलीच नाही."

सुईणीला वेळेवर सांगितलं असतं तर तालुक्याला, दारव्ह्याला नेलं असतं, पोरगी वाचली असती किंवा नसतीही. ते आता कुणालाच कळणार नाही. पण त्याच संध्याकाळी बायका म्हणाल्या की बाईने आवाज नाही काढला, आणि तेच कौतुक घरात राहिलं. पोरीचं नाव कुणी घेतलं नाही, कारण नाव ठेवलंच नव्हतं. माझ्या वेळेला आईने आधीच हट्ट धरला आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात गेली. "तुह्या वेळेस मी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता," ती म्हणाली. हे मात्र मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मला राग आला. आईचा आला, मोठ्या आईचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. तीस वर्षं मी एका न रडलेल्या पोरीच्या मरणाचं कौतुक माझ्या जन्माचं समजून मिरवत होते. त्या कागदावरची जाड ओळ मी खोडली. तिच्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही. जागा कोरीच ठेवली.

एवढं सगळं कळल्यावर माझ्या वेळी तरी मी तोंड उघडायला हवं होतं. सकाळी नऊला कळा सुरू झाल्या आणि माझा जबडा आपोआप आवळला गेला. मंगेशने आन्केला तीनदा फोन लावला. ती म्हणायची, तिलाच दे. तिथे मिडवाइफ आवाजावरून ओळखते बाई कुठवर आली आहे ते. दोन कळांच्या मधल्या वेळात मी तिच्याशी नीट, व्याकरणशुद्ध इंग्रजीत बोलायचे. ती कौतुकाने म्हणायची, रुस्तिख. म्हणजे शांत आहेस, छान आहेस, अजून वेळ आहे. बाराच्या सुमारास तिसऱ्यांदा तिने रुस्तिख म्हटलं आणि मला एकदम कळलं की सुईणीला मान हलवून हो म्हणणं ते हेच.

पुढची कळ आली तेव्हा मी फोन तोंडासमोर धरला आणि ओरडले, "मले लय दुखून राह्यलं! ये ना व!" पुण्यात शिकताना मुली हसायच्या म्हणून मी ही बोली केव्हाच टाकली होती. आन्केला त्यातलं अक्षरही कळलं नाही. दहा मिनिटांत ती दारात होती. गर्भाशयाचं तोंड जवळजवळ अर्धं उघडलं होतं. बाळाचे ठोके मधूनच मंदावत होते, म्हणून तिने तडक दवाखान्यात नेलं. तिथे मी पाठीतलं इंजेक्शन मागितलं, आणि मिळालं. संध्याकाळी मुलगी झाली. मंगेशने बोरीला फोन लावला तेव्हा आईने मुलगा की मुलगी ते विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "रडलं का?"

मारिके तिच्या टबात सुखरूप बाळंत झाली. सेल्वीला इंजेक्शन देणारा डॉक्टर येईपर्यंत तिचा मुलगा जगात आला होता. तिने त्या डॉक्टरला काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आम्ही अजून भेटतो आणि आता त्या विषयावर कुणी भांडत नाही.

यंदा माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे, पूनमचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, माझ्या आईकडे. मी फोनवर तिला पाठीतल्या इंजेक्शनबद्दल सगळं समजावून सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने. यवतमाळच्या ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे ते मिळत होतं. पूनमने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मले सुई नोको. माही बहीन सुई घेतल्यापासून अजून पाठ धरून बसते. पन वरडीन मी, आईले सांगून ठेवलं." मी आणखी काही बोलायला गेले तर आई मागून म्हणाली की तिचं तिने ठरवलं आहे, तू राहू दे.

पूनम ओरडली. पार जिन्यापर्यंत ऐकू येत होतं, असं निखिल म्हणाला. निखिल म्हणजे माझा भाऊ, पुढचं सगळं मला त्याच्याकडूनच कळलं. आतून एक नर्स तिला गप्प राहा म्हणून दटावत होती. आई उठून दाराशी गेली आणि म्हणाली, "वरडू द्या तिले." मग परत येऊन बसली. बाकावर मोठी आई होती, मुद्दाम बोरीहून आलेली. ती पुटपुटली की आजकालच्या पोरींना काही सोसत नाही. आई तिच्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, तवा म्या बी वरडाले पाह्यजे होतं."

मोठ्या आईने आईचा हात हातात घेतला आणि आतून बाळाचं रडणं येईपर्यंत सोडला नाही. निखिलला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. म्हाताऱ्या बायकांचं काहीतरी चाललं होतं, असं तो मला सांगत होता.

मी फोन कानाला लावून आइंडहोवनच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी बोरी अरब सांगते आणि नकाशात दाखवते. पण मनात आता त्या दवाखान्यातलं बाकडं येतं, जे मी पाहिलेलंही नाही. त्या पोरीबद्दल घरात आयुष्यभर गप्प राहिलेली माझी आई तिथे एकदाच बोलली, आणि ते ऐकायला मी घरी नव्हते.