सीडीवरचं कुंकू

कपाट आवरताना ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरची जुनी सीडी हाती आली आणि सिडकोतल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. दिवाळी तोंडावर आली होती. कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट केला होता आणि ड्रायव्हर नसल्याने स्क्रीनवर सोळाच रंग उरले होते. बहिणीने तिच्या बाळाचा पहिला फोटो मेलने पाठवला होता, पण त्यात बाळाचे गाल हिरवट, डागाळलेले दिसत होते. आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती. तिसऱ्यांदा घातली तरी ड्रायव्हरची सीडी नुसती घरघरली. बाहेर काढून पाहिली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकू. "अरे, दसऱ्याला मीच लावलं. कॉम्प्युटरचंच सामान ना ते?" आई म्हणाली. दुपारपासून वैतागलेला मी तिच्यावर ओरडलो आणि शर्टाच्या टोकाने सीडी खसाखसा घासली. ती पुन्हा कधीच चालली नाही. आईने नात पहिल्यांदा पाहिली ती हिरवट गालांचीच. पुढच्या दसऱ्याला तिने कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडले. सीडीच्या कडेला राहिलेलं कुंकू आज ओल्या बोटाने सहज निघालं. ओरखडे मात्र माझ्या घासण्याचे होते, आणि आईला मी ते कधी सांगितलंच नाही.