सही फक्त मोठ्या पाकिटावर

आम्हा नर्सेसना किस्से शोधावे लागत नाहीत हो. ड्युटी संपवून इथे दोह्यात अल मन्सूराच्या फ्लॅटवर चहा ठेवला, की एकीचा सांगून होईपर्यंत दुसरीचा तयार! यंदा मात्र सगळे एकाच निवडणुकीचे.

आमच्या नर्सिंग स्कूलच्या माजी विद्यार्थिनींचा संघ आहे, वसईला. मतदान पोस्टाने. अध्यक्षपदाला आमचीच सिसिलिया सिस्टर उभी होती. आधी दोनदा पडलेली, आणि आता रिटायर होऊन गावी जाणार. "या वेळी पडले तर वसईत तोंड कसं दाखवू गं?" म्हणायची. आम्हालाच टेन्शन!

*

रुक्सानाची मतपत्रिका गेली रत्नागिरीला, माहेरी. तिने घाबरून फोन लावला, तर अब्बा खुशीत. "मीच खूण करून पाठवली! सहीसुद्धा तुझ्यासारखी जमली."

"अब्बा! मत कोणाला दिलंत?"

"ते कसं सांगू? मतदान गुप्त असतं!"

*

मतपत्रिका छोट्या पाकिटात, छोटं मोठ्यात, सही फक्त मोठ्यावर. इतकं सोपं! मी दोन्ही पाकिटं चिकटवली, सही ठोकली, ऐटीत उठले, आणि मतपत्रिका चहाच्या कपाखाली! मग किटलीच्या वाफेवर पाकिटं उघडत बसले. नवरा म्हणतो, "यांच्या भरवशावर पेशंट झोपतात!"

*

वॉर्डात काहीही लिहिलं की खाली सही आणि वेळ. हात आपोआप चालतो. जास्मिनने मतपत्रिकेवर खूण केली, घड्याळात बघितलं आणि सही करणार, तोच सिसिलियाने पेन हिसकावलं.

"बये, ही पेशंटची फाईल नाही! इथे सही दिसली की मत बाद! सगळ्यांनी ऐकलं?"

ऐकलं बाई, ऐकलं.

*

पोस्टाच्या काउंटरवर सिसिलियाने विचारलं, "टाइम पे पहुँचेगा ना?"

"इन्शाल्ला, सिस्टर."

"इन्शाल्ला नहीं, तारीख बोलो!"

तो बिचारा कॅलेंडरच शोधायला लागला.

*

निकाल लागला. सिसिलिया एका मताने पडली!

वर वसईहून निरोप, दोह्याचं एक मत बाद. का? तर मतपत्रिकेवर सही. कोणाची, ते सांगेनात. झालं! सगळ्या जास्मिनकडे बघायला लागल्या. ती रडकुंडीला आली. "जिझसची शपथ, मी नाही केली!" रुक्साना अब्बांना फोन लावायला निघाली. मला माझंच आठवेना, वाफेच्या भानगडीत मी काय केलं ते! कोणाला काही कळेना.

सिसिलिया नुसता कप फिरवत बसली. चहा पार निवला तिचा. शेवटी हळूच म्हणाली,

"अगं, माझंच नाव छापलेलं होतं तिथे. नावासमोर सही नको?"