एका केसपेपरवर पाच बाया

जूनमध्ये मोहरवाड्याच्या भिकुबाईंचे वजन त्रेचाळीस किलो होते. जुलैत ते एकसष्ट झाले आणि ऑगस्टमध्ये अठ्ठेचाळीसवर आले. रक्तदाबही तसाच, एका महिन्यात ११०, पुढच्या महिन्यात १७४. डॉ. हेमांगींनी केसपेपर दोनदा वाचला आणि वजनकाटा बदलायला सांगितला. नाजमीन सिस्टर काट्यावर उभ्या राहिल्या.

"छप्पन्न. घरच्या काट्यावरही छप्पन्नच. काटा बरोबर आहे, मॅडम."

मोहरवाडे चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शिवारात केळी आणि कापूस. गावात आरोग्य उपकेंद्र होते, पण डॉक्टर कधी टिकला नव्हता. सरकारने फॅमिली मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी अशा गावांत जागा मंजूर केल्या. विद्यावेतन, औषधे, तपासणीचे साहित्य, सगळा खर्च सरकारचा. मोहरवाड्याच्या वाट्याला एक जागा आली आणि भडगावच्या हेमांगी तिथे रुजू झाल्या. जागेला एक अट होती. एकाच डॉक्टरने लागोपाठ तीन महिने तपासलेले शंभर रुग्ण जानेवारीच्या पाहणीत दाखवायचे. तेवढे नसले तर जागा दुसऱ्या तालुक्याला जाणार. सप्टेंबरच्या सुरुवातीला हेमांगींच्या रजिस्टरमध्ये एकशे पाच नावे होती. काळजीचे कारण दिसत नव्हते.

त्याच आठवड्यात भिकुबाईंचा केसपेपर घेऊन एक बाई आत आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. हेमांगींनी या वेळी मान वर करून पाहिले. बाई पस्तिशीची असेल.

"भिकुबाई तोताराम?"

"हाव."

"वय अठ्ठावन्न?"

"लिखेल शे ना, मंग तेच."

तिचे नाव बेबाबाई. चार दिवसांपूर्वी ती केळीच्या बागेत चक्कर येऊन पडली होती. तपासणीत तिचे रक्त कमी निघाले. रक्तदाबाचा आजार तिला नव्हताच, तरी सात महिने ती त्याच्या गोळ्या खात होती.

दुसऱ्या दिवशी खऱ्या भिकुबाई स्वतः आल्या. नशिराबादची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न होऊन मोहरवाड्यात आलेली. गेली बावीस वर्षे त्या मजूर बायांच्या मुकादम आहेत. टोळीत चौदा जणी. कोणाला कुठली ओळ निंदायची, मालवाहू रिक्षात कोण पुढे बसणार, शेतमालकाने दिलेली चहा-साखर कशी वाटायची, हे त्या ठरवतात आणि ते सारखेच असते. टोळीत त्यावरून भांडण झाल्याचे कोणाला आठवत नाही. गोळ्याही त्यांनी तशाच वाटल्या होत्या.

"कागद एक शे, बाया पाच," त्या म्हणाल्या. "दर महिनाले एक जणी येस. एकनी मजुरी बुडस, चार जणीस्नी वाचस. आमनं काय चुकनं?"

"गोळ्या किती मिळतात, अक्का?"

"तीस. एकेकले सहा."

"आणि बाकीचे चोवीस दिवस?"

भिकुबाईंनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "मंग तूच पाच पट दे. सरकारनं काय जास?"

हेमांगींना हसू आले. अहिराणी त्यांच्या घरचीच बोली. पाचही जणींचा आजार एक नाही, बेबाबाई त्या गोळ्यांनीच जास्त खचली, हे त्यांनी त्याच बोलीत समजावले. भिकुबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले एवढेच, की बेबाबाई बरी होईल ना. होईल, असे उत्तर मिळाल्यावर त्या उठल्या.

मग रजिस्टर नव्याने तपासले गेले. गावातल्या बाकी टोळ्यांतही हीच पद्धत होती. चौतीस केसपेपर सामायिक निघाले. ते काढले तर उरत होते एकाहत्तर.

"जानेवारीत येणारे साहेब वजन बघणार नाहीत, मॅडम," नाजमीन सिस्टर म्हणाल्या. "आकडा बघतील."

"वजन मी बघितलंय," हेमांगी म्हणाल्या आणि चौतीस नावांवर लाल रेघ ओढली.

आता एकोणतीस नवे रुग्ण हवे होते आणि तेही ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तिन्ही महिने येणारे. म्हणजे ऐन कापूस वेचणीत, जेव्हा गावात दिवसा माणूस सापडत नाही.

ही गोष्ट भिकुबाईंच्या कानावर गेली. त्या उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या.

"जागा गयी ते तू जाशी?"

"जावंच लागेल."

"मंग परत आमले दवाखानाले चोपडं जानं पडी. आखा दिवस." त्यांनी पदराने तोंड पुसले. "तुन्हा दवाखाना दहाले उघाडस. दहाले आम्ही वावरमा. तू सातले पारवर ये."

शाळेजवळच्या पारावर सकाळी सातला सगळ्या टोळ्या रिक्षाची वाट पाहत जमतात. वेळ बदलायची म्हणजे वरून परवानगी हवी. तालुक्याच्या रुग्णालयातल्या मार्गदर्शक डॉक्टरांनी अर्ज पुढे पाठवला आणि नऊ दिवसांनी पत्र आले. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात ते साडेआठ.

पहिल्या मंगळवारी दुसऱ्या टोळीचा मुकादम नवल रिक्षात बसूनच ओरडला, "काय अक्का, डाक्टरीन व्हई गयी का?"

"तुन्ही एक बाई वावरमा पडी ना, मंग तू बी येशी," भिकुबाई म्हणाल्या. त्यांच्या टोळीची तपासणी पाऊण तासात आटोपली. पुढच्या शुक्रवारी नवलची रिक्षाही थांबली.

घरी ठेवलेले कागद भिजतात, हरवतात, म्हणून चौदा जणींचे केसपेपर भिकुबाई एका पिशवीत ठेवू लागल्या. त्यांना वाचता येत नाही. प्रत्येक कागदाला त्यांनी त्या-त्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी टाचली. बेबाबाईची हिरवी, स्वतःची निळी. पिशवीतून त्या कागद काढतात तेव्हा आजवर चूक झालेली नाही.

जानेवारीत पाहणीला दोन अधिकारी आले, तेही सकाळी सातला, कानटोप्या घालून. रजिस्टरमध्ये एकशे चार नावे होती. लाल रेघांची पाने हेमांगींनी स्वतःच उघडून दाखवली. अधिकाऱ्यांपैकी एकाने ती सावकाश वाचली, पारावरच्या बायांकडे पाहिले आणि भिकुबाईंना विचारले, "या कागदावरच्या भिकुबाई तुम्हीच, हे मी कशावरून मानायचं?"

"वजन करी देखा," भिकुबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या आणि काट्यावर चढल्या.

अठ्ठेचाळीस. रक्तदाब १३२. तीन महिने रोज एक गोळी घेतलेल्या बाईचा.

फेब्रुवारीत पत्र आले. जागा आणखी दोन वर्षे मोहरवाड्यातच राहील आणि पारावरची सातची वेळ कायम. हेमांगींनी ते पारावर वाचून दाखवले. भिकुबाईंनी ऐकून घेतले, रिक्षाकडे पाहिले आणि बेबाबाईला म्हणाल्या, "चाल, तुन्हा नंबर शे. पटकन."