न पटलेल्यांची नावं

त्या दिवसांत मी देवासमोर हात जोडत होते ते निव्वळ सवयीने. मनात नुसती चिडचिड होती. बेळगावातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. माहेर वडगावचं, विणकराचं. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी. करायला घेतली आणि विषय निवडला तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेतली ख्रिस्ती कॉलेजं कशी वागली, हा. 'आपल्या वडगावच्या साडीचा इतिहास सोडून तुला हेच कुठलं गावलं गं?' असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं होतं. मार्गदर्शक सरांनी तिसरं प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. समासात एकच शेरा होता, 'बाई, तुम्ही लिहीत नाही, रागावता आहात.'

रागावू नको तर काय करू? कालपर्यंत प्रार्थनेत शांती मागणारी कॉलेजं, देश युद्धात उतरताच मैदानावर मुलांकडून कवायत करून घेऊ लागली. जर्मन भाषेचे वर्ग बंद पडले. युद्धालाच पाप मानणाऱ्या पंथांची मोजकी छोटी कॉलेजं अडून राहिली, तर शेजाऱ्यांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. वाचताना कवायतवाल्यांची मला इतकी चीड यायची की पेन्सिलीचं टोक मोडायचं.

खरी चीड घरातली होती, हे कळत होतं. कबूल करवत नव्हतं. माझी एकुलती एक मुलगी नर्सिंग शिकली आणि मला न विचारता सैन्यातल्या नर्सच्या भरतीची परीक्षा देऊन मोकळी झाली. निवडही झाली. "परवानगी न्हाय मागत आई, आशीर्वाद दे," म्हणाली. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं आणि गप्प बसायचं. शेवटी माझ्याकडेच राहणारी माझी आई वैतागली. "लेकीशी बोलत न्हाईस, निदान देवीशी तरी बोल. कणकुंबीच्या माउलीला जाऊन ये जा."

रविवारी निघाले. तीही कटकटच झाली. पिरनवाडी मागे पडली तरी बसायला जागा नव्हती, आणि जांबोटीच्या पुढे जंगलात बस बंद पडली. कंडक्टर अर्धा तास म्हणाला, त्याला दीड तास उलटला. मी फोनला रेंज शोधत, स्वतःशीच बडबडत रस्त्यावर येरझारा घालत होते. कडेच्या दगडावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, "बसा की हो. तुमच्या चालण्यानं गाडी सुरू व्हायची न्हाय." पांढरी सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस. मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. डब्यातली भाकरी अर्धी करून त्यांनी मला दिली आणि काय करता म्हणून विचारलं. मी तिरसटपणेच प्रबंधाचा विषय सांगितला. हसतील असं वाटलं होतं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमचे आप्पा मिशनच्या बोर्डिंगात मास्तर होते. तिथले साहेब अमेरिकेचे, असल्याच कॉलेजात शिकलेले. ते शिकत होते तवाच ते युद्ध लागलं. त्यांनी बंदूक धरायला नकार दिला, म्हणून लोकांनी त्यांच्या दारावर पिवळा रंग फासला, तिकडं ती भित्र्याची खूण. पण त्यांच्या वर्गातली लई पोरं गेली लढायला. साहेब म्हातारे झाले तरी रोज सकाळी त्या पोरांची नावं प्रार्थनेत घ्यायचे. एकेक नाव. आप्पांनी एकदा विचारलं, साहेब, त्यांचं जाणं तुम्हाला पटलं नव्हतं ना? तर म्हणाले, न्हाय पटलं, अजून पटत न्हाय. पण देवापुढं नाव घ्यायला ते पटावं कशाला लागतं?"

मुलीबद्दल मी त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं. तेवढ्यात दुसरी बस आली, सगळे धावले, आणि गर्दीत त्या कुठल्याशा फाट्यावर उतरूनही गेल्या. इतिहासाची शिक्षिका असून मी त्यांचं नाव विचारलं नाही, साहेबांचंही नाही. याचा मला आजही संताप येतो.

देवळात मागणं ठरवूनच गेले होते. पोरीचं मन फिरव, नाहीतर काहीतरी अडचण काढ. माउलीसमोर उभी राहिले आणि ते ओठांवर येईना. फक्त लेकीचं नाव आलं. तेच घेत राहिले, डोळ्यांना धार लागली.

संध्याकाळी घरी आले, तर ती बॅग भरत होती. "स्वेटर घेतलास का?" एवढंच विचारलं. "दोन घेतले," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली. आई आतून म्हणाली, "बरं झालं बाई, सुटलं एकदाचं."

बस माउलीने थांबवली की त्या बाईंच्या प्रभूने, की इंजिनानेच दगा दिला, यावर मी वाद घालत नाही. मला हवं ते मिळालं नाही; ते मागण्याचा हट्ट मात्र माझ्या हातून कुणीतरी अलगद काढून घेतला, त्याचे उपकार मानते. मुलगी आता दूर उत्तरेत आहे. चार-चार दिवस फोन करत नाही, मी चिडते. पण रोज सकाळी दिवा लावताना तिचं नाव घेते. 'हिला परत आण' असं जिभेवर येतंच. ते गिळते, आणि म्हणते, 'जिथं आहे तिथं सांभाळ.'