अण्णांसाठी दीड इंच खाली

हौसेराव अण्णा काठी टेकत माझ्या गॅरेजात आले तो सोमवार होता, आणि मी त्यांच्या पोरावर जाम भडकलेलो होतो.

का, ते सांगतो. कामोठ्यात माझं गॅरेज आहे, काम फक्त सस्पेन्शनचं. अण्णा मागच्या गल्लीतल्या सोसायटीत राहतात. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात पस्तीस वर्षं माथाडी. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन हा माणूस ट्रकवरून फळीवरनं उतरायचा, आणि खाली आल्यावर तंबाखू मळता मळता दुसऱ्याची थट्टा करायचा. कुणाला त्यांनी कधी 'जरा धर रे' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. आता किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी खारघरला डायलिसिस. त्यात उजवा गुडघा वाकत नाही.

रिक्षातून येताना एकदा चक्कर येऊन ते अर्धे बाहेर कलंडले, म्हणून रणजीतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, जुनी गाडी घेतली. घेतली ती जीपसारखी उंच! आता ज्याचा गुडघा वाकत नाही तो माणूस त्यात चढणार कसा? दाराखाली पायरी लावून पाहिली, तर एकदाऐवजी दोनदा पाय उचलावा लागायला लागला. एका शुक्रवारी हॉस्पिटलच्या गेटवर, चार लोकांसमोर, रणजीतने त्यांच्या काखेत हात घातले आणि उचलून सीटवर ठेवलं. मंगळवारी अण्णा म्हणाले, "मी येत न्हाई." नाही गेले. पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडायचा. शुक्रवारी सुनेने, सुनयनाने, शपथा घालून कसंबसं पाठवलं. परत एकदा चुकलं तर माझ्याकडे आणू नका, असं डॉक्टरने तिला तोंडावर सांगितलं.

त्यानंतर रणजीत माझ्याकडे आला. "शिवादादा, गाडी खाली करायचीय."

मला वाटलं, पोरं स्टाइलसाठी गाडी खाली करतात तसली हौस. "काय रे, या वयात हिरोगिरी?" असं मी म्हणालोही. तर तो उभ्या उभ्या रडायला लागला. माझी मलाच लाज वाटली. मग मी हातातलं काम टाकलं, मापं घेतली, दीड इंच खाली येणाऱ्या स्प्रिंग कुठल्या घ्यायच्या ते लिहून दिलं, कुठला बोल्ट आधी काढतात तेसुद्धा दाखवलं. मजुरी साडेचार हजार सांगितली, अलाइनमेंट धरून. "कळवतो," म्हणाला.

आणि ह्या पठ्ठ्याने रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसवल्या! माझं टाळकंच सरकलं. स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प भाड्याने आणले, मोठा पाना विकत घेतला, अख्खी सुट्टी घालवली, अलाइनमेंटचे पैसे वेगळे जाणारच. वाचलं काय, तर हजार-दीड हजार. वर तो क्लॅम्प सटकला असता तर जबडा गेला असता, तो हिशेब कोण करणार? अरे, नाही परवडत तर तोंड उघडून सांग ना, मी काय तुला खाणार होतो?

तर हे सगळं डोक्यात घोळत असताना अण्णा आले. दोन गल्ल्या चालायला त्यांना अर्धा तास लागला होता. मागे सुनयना पाण्याची बाटली घेऊन. अण्णांनी पाकीट पुढे केलं.

"ही तुजी मजुरी."

"कसली? मी कामच केलं नाही, अण्णा."

"मापं कुनी घेतली? दर कुनी सांगितला? काम तुजं ठरलं हुतं. आमच्या टोळीत शेटनं घरची मानसं लावून ट्रक खाली केला तरी मजुरी आमची आमाला मिळायची. त्याच्यापायी लाठ्या खाल्ल्यात मी. आन माझंच पोरगं दुसऱ्याची मजुरी वाचवतंय? ही घेतल्याबिगर त्या गाडीत मी पाय ठेवनार न्हाई."

"पण काम न करता पैसे मी नाही घेत."

"मग ऱ्हायलं."

सुनयना माझ्याकडे बघत होती. उद्या मंगळवार. मी अण्णांच्या पायांकडे बघितलं. चपलेचा पट्टा आत रुतला होता, घोटा कुठे ते कळत नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला. भीती वाटली, खरंच सांगतो.

"ठीक आहे," मी म्हणालो, "रणजीतला गाडी घेऊन बोलवा. त्याचं काम तपासतो. ते झालं माझं काम."

रणजीत मान खाली घालून आला. मी गाडी गॅरेजातल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरलो. चूक सापडावी अशीच इच्छा होती, लपवत नाही. पण पोराने काम स्वच्छ केलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. चाकं हवेत लटकत असतानाच त्याने बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्यांचे, बोल्ट आवळले होते. अशाने गाडी टेकली की आतलं रबर पिळलेलंच राहतं आणि चार महिन्यांत फाटतं. ते बोल्ट सैल करायचे, गाडीत रोजच्या माणसाचं वजन घ्यायचं, मग आवळायचे.

मी खालून ओरडलो, "अण्णा, वजन पाहिजे. बसता का?"

"कामाला पाहिजे?"

"कामालाच."

"मग आधी मजुरी धर."

मी वर आलो, हात पुसले, पाकीट खिशात घातलं. मोजलं नाही.

अण्णा दाराशी गेले. पाठ सीटकडे केली, दोन्ही हात मागे टेकले आणि बसले. मग वाकत नाही तो पाय पँटला धरून आत ओढून घेतला. रणजीतचे हात पुढे आले होते ते तसेच हवेत राहिले. कुणी कुणाला हात लावला नाही. सुनयनाने पदर डोळ्यांना लावला.

मी परत खाली गेलो, दिवा धरला. पुढच्या सीटवर माणूस बसला की ती बाजू खाली येते, खालून ते डोळ्यांना दिसतं. वीस वर्षं बघतोय.

"बसलो रं," वरून आवाज आला.

मी बघत राहिलो. गाडी हललीच नाही म्हणा ना. पोत्यांच्या थप्प्या वाहिलेल्या त्या माणसाचं वजन आता एवढंही उरलं नव्हतं. खड्ड्याच्या कडेशी रणजीतचे बूट दिसत होते. मी हळूच त्याला हाक मारली आणि बॉनेट दाबायची खूण केली. त्याला कळलं. त्याने दोन्ही तळवे टेकून सगळा भार टाकला, तशी गाडी दबली.

"भरलं का वजन?" अण्णांनी विचारलं.

"भरलं, अण्णा," मी म्हणालो. "हलू नका. तुमच्याच वजनावर आवळतोय."