पेशी नसलेली रांग

भामरे सर प्रत्येक तपासणीत एक रांग पेशींशिवाय ठेवायचे. प्लास्टिकच्या प्लेटला बारीक खळगे असतात. त्यांत आम्ही माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायचो, वर तपासायचा पदार्थ टाकायचो आणि मग पिवळा रंग. पेशी जिवंत असली की रंग जांभळा होतो. सरांच्या त्या रांगेत पदार्थ असायचा, रंग असायचा, पेशी मात्र नाहीत. जिथं मरायला कोणी नाही तिथं काय बघणार, असं म्हणून लॅबमध्ये सगळे हसायचे. सर म्हणायचे, "घरात कोणी नसताना आवाज येतो का, ते आधी बघावं."

मी नवागामची. वडील लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. सर शिरपूरकडचे, आमचं मूळ गावही तिकडचंच. लॅबमध्ये हिंदी-गुजराती बोलायचे, माझ्याशी मात्र त्यांची अहिराणी सुटायची. मी भराभर थेंब टाकायला लागले की मागून आवाज यायचा, "घाई कसाले करस माय?"

कडोदऱ्याच्या एका शेठनं गुडघ्याला बांधायचा पट्टा बनवला होता, आतून ग्राफिनचा थर दिलेला. ग्राफिन म्हणजे कार्बनच, पण डोळ्याला दिसणार नाही इतक्या पातळ पापुद्र्यांचा. हातात येते ती काळी भुकटी. शेठला 'त्वचेला सुरक्षित' असा कागद हवा होता. त्याच कारखान्यात सरांच्या पत्नी, सिंधूवहिनी, पट्ट्यांच्या घड्या घालायला जात. संध्याकाळी त्यांची मनगटं काळी असत आणि खाजत. सरांनी हे लॅबच्या साहेबांना आधीच सांगितलं होतं, तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणून. पण हे काम येणारं दुसरं कोणी नव्हतं.

पहिली प्लेट सगळी जांभळी आली. शेठ पेढे घेऊन आले. मीही खूश होते. सरांनी मला जवळ बोलावून त्यांची ती रांग दाखवली. तीही जांभळी. म्हणजे भुकटी स्वतःच रंग बदलत होती. त्यात पेशींचा वाटा किती, कळायला मार्ग नव्हता. मग आम्ही दुसऱ्या पेशी घेतल्या, रंग न घालता सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही चांगल्या होत्या, काही आक्रसलेल्या.

शेठ म्हणाले, "भामरेभाई, रंग तो आव्यो ने? पछी शुं?"

"रंग आला शेठ. पेशींनी दिला की नाही, ते माहीत नाही."

साहेबांनी समजावलं, मग आवाज चढवला. सरांनी अहवालात एवढंच लिहिलं की यावरून सुरक्षित म्हणता येत नाही, जास्त दिवसांची तपासणी करावी. शेठनं भुकटी दुसरीकडे नेली आणि कागद मिळवला. पट्टे दुकानांत आले. सरांचं नोकरीचं कंत्राट साहेबांनी पुढं वाढवलं नाही.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सर मोरीपाशी बसून वहिनींची मनगटं ओल्या फडक्यानं पुसत होते. चोळत नव्हते, टिपत होते. वहिनी मला म्हणाल्या, "बघ, नवरा घरी बसला तर बायकोची किती चैन." सर हसले नाहीत. घर आता वहिनींच्याच पगारावर होतं.

त्या चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी विचारलं, त्यांना ते काम सोडायला का सांगत नाही.

सर फडकं पिळत राहिले. "सुरक्षित आहे असं मी लिहिलं नाही. पण वाईट आहे, हे तरी कुठं ठरलंय?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"शेठला मी वाटण्यावरनं नाही म्हटलं नव्हतं. मग हिला कसं म्हणू?"

थंडीत सर गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. ती जास्त दिवसांची तपासणी कोणी केली नाही.

सगळे विधी उरकल्यावर एका सकाळी वहिनी पुन्हा कारखान्यात जायला कडोदऱ्याच्या रिक्षासाठी उभ्या दिसल्या. काहीतरी सांगायचं म्हणून मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेले. काय सांगावं, ते तिथं पोचेपर्यंत ठरलं नाही. रिक्षा आली. वहिनींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या आत सरकून बसल्या.